मैदान आहे, पोरं आहेत, पण गावाला पत्ताच नाही

पत्र

नमस्कार. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं खो-खो मंडळ आहे. स्थापना १९७८ची. नगरपालिकेच्या मैदानावर रोज संध्याकाळी सराव चालतो. एके काळी दोन-दोन मैदानं आखावी लागायची. आता वीस-बावीस मुलं येतात आणि मुली चारच, त्यामुळे मुलींचा संघ उतरवताच येत नाही. गावातला एक मुलगा म्हणतो, साठ हजारांत झकास वेबसाइट करून देतो. फेसबुकवर मंडळाचं पान होतं, पण ज्यानं ते काढलं तो पुण्याला नोकरीला गेला आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. इन्स्टाग्रामवर पोरांनी मंडळाच्या नावानं आपापली तीन खाती काढली आहेत. कार्यकारिणीत दोन तट पडलेत. ज्येष्ठ म्हणतात, मोबाइलनंच पोरं मैदानावरून नेली, आता मैदानानं मोबाइलच्या दारात जायचं का? तरुण म्हणतात, जाहिरात केली नाही तर मंडळ बंद पडेल. मी सहसचिव, मधल्या मध्ये अडकलोय. कुठून सुरुवात करू?

— एक सहसचिव

उत्तर

दादा, नमस्कार.

साठ हजारांचा विषय आधी संपवू. ते पैसे देऊ नका. त्या मुलाची नियत वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण तुमची आजची अडचण वेबसाइटनं सुटणारी नाही. तेवढ्या पैशांत गुडघ्याच्या पट्ट्या, बूट, दोन स्पर्धांचा प्रवास आणि उन्हाळी शिबिराचा नाश्ता निघतो. वेबसाइट लागेल, पण ती वेगळ्या कामासाठी. त्याबद्दल पुढे लिहिते.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. मुली चार. संघाला निदान बारा तरी हव्यात, मैदानात नऊ उतरतात. म्हणजे तुम्हाला गावातल्या आठ-दहा घरांपर्यंत पोहोचायचं आहे. लाखभर लोकांनी तुमची रील बघून उपयोग नाही. त्या आठ-दहा घरांत मुलीला मैदानावर पाठवायचं की नाही हे बहुतेक आई ठरवते, आणि बाबा ‘बघा बुवा’ म्हणतात. त्या आईला काय विचारायचं असतं? सराव किती वाजता सुटतो, तोपर्यंत अंधार पडतो का? मैदानावर दिवे आहेत का? शिकवणारं कोण, एखादी बाई असते का? स्वच्छतागृह कुठे आहे? महिन्याचे किती घेता? कपडे कोणते घालायचे? दहावीच्या वर्षाला सुट्टी देता का? पडली, लागलं तर काय करता?

मी मंडळांची पानं नेहमी बघते. या प्रश्नांची उत्तरं त्यांतल्या बहुतेकांवर सापडत नाहीत. सापडतं ते एक फ्लेक्सचं चित्र. वर मान्यवरांचे फोटो, मध्ये ‘हार्दिक अभिनंदन’, खाली शुभेच्छुकांच्या दोन रांगा. खेळाडूचा चेहरा कोपऱ्यात, आणि मैदान कुठे, सराव कधी, फोन कुणाला करायचा यातलं काहीच नाही. मान्यवरांचा मान ठेवा, तो गावात ठेवावाच लागतो. पण त्या चित्राच्या बरोबर साध्या मजकुरात वेळ, जागा आणि नंबर लिहायलाच हवा. आणि तो युनिकोड मराठीत, म्हणजे मोबाइलवर टाइप होते तशा अक्षरांत, टाइप केलेला हवा. फ्लेक्सवाल्याच्या जुन्या फॉन्टमधली अक्षरं चित्रात गेली की शोधणाऱ्याला ती हाती लागत नाहीत. ‘मुलींसाठी खो-खो’ असं कुणी आपल्या गावाच्या नावासह शोधलं तर तुमचं मंडळ वर यायला हवं, आणि ते लिहिलेल्या मजकुरामुळेच येतं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० हरवलं, पुरुषांनी नेपाळलाच ५४-३६. दोन्ही संघांचे कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. त्या आठवड्यात तुमच्या गावातल्या एखाद्या सहावीतल्या मुलीनं आईच्या फोनवर ‘खो-खो कुठे शिकवतात’ असं नक्की शोधलं असेल. तिला तुमचं मैदान दिसलं असतं का? अशी संधी पुन्हा येणार आहे. तेव्हा तुम्ही दिसायला हवं.

म्हणून पहिलं काम गूगल मॅप्सवर करा. मंडळाची नोंद तिथे फुकट होते. नाव, मैदानाची खूण, सरावाचे वार आणि वेळ, फोन, आणि दिवसाउजेडी काढलेले चार-पाच फोटो. त्यांत मैदान दिसू दे, खांब दिसू देत, येण्याचा रस्ता दिसू दे. पडताळणीसाठी जागेचा आणि फलकाचा छोटा व्हिडिओ मागू शकतात, त्यामुळे मैदानावर मंडळाच्या नावाची पाटी नसेल तर आधी ती लावा. जागा नगरपालिकेची आहे, तेव्हा पाटीची परवानगी लेखी घ्या. नोंद झाली की जुन्या खेळाडूंना सांगा, की आपल्या शब्दांत दोन ओळींचा अभिप्राय लिहा. पण एकाच दिवशी चाळीस जणांना लिहायला लावू नका. ते खोटं दिसतं, आणि गूगल असे अभिप्राय काढूनही टाकतं.

आता पासवर्डाकडे येते, कारण मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटली. मैदान आखायचा फकी-दोरा मंडळाच्या कपाटात असतो, कुणा एकाच्या घरी नसतो. खात्यांचंही तसंच असायला हवं. मंडळाच्या नावानं एक सिमकार्ड घ्या. त्यावर एक ईमेल काढा, आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, गूगलची नोंद, जे काही कराल ते त्याच ईमेलवर आणि त्याच नंबरवर. प्रत्येक ठिकाणी किमान दोन माणसांना पूर्ण अधिकार द्या, एक तरुण आणि एक कार्यकारिणीतला. पासवर्ड कागदावर लिहून पाकीट बंद करा आणि इतिवृत्ताच्या वहीबरोबर ठेवा. पदाधिकारी बदलले की ज्या सभेत कॅशबुक सोपवता त्याच सभेत हे पाकीटही सोपवा, आणि पासवर्ड बदला.

पुण्याच्या मुलाला फोन करा, पण तक्रारीच्या सुरात नको. त्यानं पान काढलं म्हणून ते आहे. त्याला सांगा, मंडळाच्या दोघांना पूर्ण अधिकार दे, मग तू राहा किंवा नीघ. बहुतेक वेळा पाच मिनिटांत काम होतं. मात्र ते खरंच ‘पान’ आहे की मंडळाच्या नावाचं ‘प्रोफाइल’, तेवढं तपासून घ्या. आपल्याकडे कित्येक मंडळांनी माणसासारखं प्रोफाइल काढलेलं असतं. त्यात पाच हजार मित्रांची मर्यादा येते, आणि दुसऱ्याला रीतसर अधिकारही देता येत नाहीत. तसं असेल तर नवं पान काढा आणि जुन्यावर त्याचा दुवा टाका.

इन्स्टाग्रामच्या तीन खात्यांचं काय? पोरांना रागावू नका. मंडळाच्या नावानं खातं काढावंसं वाटणारी तीन पोरं तुमच्याकडे आहेत. ज्याच्याकडे ही माया आहे त्याच्याकडूनच काम होणार. तिघांना बोलवा, एक खातं ठेवा आणि काम वाटून द्या. एकानं चित्रण करायचं, एकानं कापून जोडायचं, एकानं मजकूर लिहायचा. चढवण्याआधी एका मोठ्या माणसानं बघायचं.

काय दाखवायचं, यात खो-खोसारखा भाग्यवान खेळ नाही. नवख्याला क्रिकेट समजायला वेळ लागतो. खांबावरचा सूर बघायला मात्र काहीच कळावं लागत नाही. फोन गुडघ्याच्या उंचीवर, खांबापासून चार-पाच पावलं बाजूला, संरक्षक ज्या बाजूनं निसटणार तिकडे तोंड करून धरा आणि स्लो-मोशन लावा. आक्रमक एका हातानं खांबाला लटकतो, अंग जमिनीला जवळजवळ समांतर जातं, आणि बोटाची टोकं पळणाऱ्याच्या पाठीला लागतात. दहा-बारा सेकंदांचा हा तुकडा पुरे. त्यावर चित्रपटाचं गाणं चढवू नका. हक्कांमुळे आवाज बंद होण्याची भीती असते, आणि मुख्य म्हणजे ‘खो!’ ही आरोळी ऐकू येत नाही. मैदानाचा आवाजच ठेवा. त्यातला पायांचा धपधप आवाज, प्रशिक्षकाची हाक आणि बाहेर बसलेल्या पोरांचा ओरडा ऐकून जुना खेळाडू घरी बसल्या जागी उठून उभा राहील.

अख्खा सामना दाखवायचा असेल तर उलट करा. फोन आडवा, स्टँडवर, शक्यतो उंचावरून, मैदानाच्या मध्यरेषेच्या जवळ. दोन्ही खांब चौकटीत आले पाहिजेत, नाहीतर साखळी खेळ, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून संरक्षकाची नागमोडी पळापळ, कळतच नाही. यूट्यूबवर मोबाइलवरून थेट दाखवायचं तर आधी चॅनेलला किमान पन्नास सबस्क्रायबर लागतात, आणि पहिल्यांदा ती सोय चालू व्हायला एखादा दिवस जाऊ शकतो. स्पर्धेच्या सकाळी धावपळ नको.

सामना झाला की निकाल त्याच संध्याकाळी लिहा, आणि तसा लिहा जसा तो वर्तमानपत्रात येतो. एक डाव राखून जिंकलात की गुणांवर, किती मिनिटं राखून, कुणी संरक्षणात किती मिनिटं काढली, कुणी आक्रमणात किती गडी टिपले. ‘२.४० मि. संरक्षण व ३ गडी’ ही नोंद एखाद्या पोराच्या नावापुढे आली की तो ती जन्मभर जपतो. हाच मजकूर एका स्पष्ट फोटोसह तालुक्याच्या बातमीदाराला लगेच पाठवा. नावं अचूक, आडनावं अचूक, कोण उजवीकडे कोण डावीकडे हेही लिहिलेलं. आयती, स्वच्छ बातमी मिळाली तर स्थानिक पानावर जागा मिळण्याची शक्यता खूप वाढते. छापून आलेल्या कात्रणाला आपल्या गावांत अजून वजन आहे. त्या कात्रणाचा फोटो तुमच्या पानावर टाकलात की आजोबासुद्धा तो पुढे पाठवतात.

कुठे काय टाकायचं, याचा माझा ठोकताळा असा: खेळाडू इन्स्टाग्रामवर, जुने खेळाडू फेसबुकवर, पालक व्हॉट्सॲपवर. म्हणून सूर इन्स्टाग्रामवर. फेसबुकवर जुने फोटो. तुमच्याकडे १९७८पासूनचे फोटो कुणाच्या तरी ट्रंकेत असणारच. ते काचेतून बाहेर काढून खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून टिपा आणि दर रविवारी एक टाका. ‘मागच्या रांगेत डावीकडून तिसरे कोण, ओळखा.’ जगभर पांगलेले तुमचे लोक त्याखाली एकत्र येतील. मंडळाला मॅट, दिवे, प्रवासखर्च देणारी माणसं बहुतेक त्याच रांगांतून निघतात.

पालकांसाठी व्हॉट्सॲपचा विचार जरा सावकाश करा. एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात, पण ग्रुपमधल्या सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. मुलींचे नंबर अशा ठिकाणी नकोतच. चालू खेळाडूंच्या फक्त पालकांचा एक ग्रुप करा, ज्यात संदेश फक्त प्रशिक्षक आणि सचिव टाकतील. गावासाठी वेगळं व्हॉट्सॲप चॅनेल काढा. तिथे एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि ‘शुभ सकाळ’चा पूरही येत नाही. मंडळाच्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, तेही फुकट आहे. नवा माणूस ‘हॅलो’ म्हणाला की वेळ, जागा, फी आणि प्रशिक्षकांचं नाव आपोआप जाईल अशी सोय त्यात करता येते. आणि तरीही त्या माणसाला त्याच दिवशी फोन करा.

आता जे लिहिते ते पोरांना समोर बसवून वाचून दाखवा. मुलामुलींचे फोटो टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. प्रवेश अर्जातच एक ओळ वाढवा, आणि ‘नको’ म्हणायची जागाही ठेवा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे, पण कायदा नसता तरी आपण हे करायलाच हवं होतं. एखाद्या मुलीचं पूर्ण नाव, शाळा आणि ती रोज किती वाजता कुठे असते, हे तिच्या फोटोखाली एकत्र कधीही लिहू नका. तिचं स्वतःचं खातं जोडू नका. सूर मारतानाचे, पडतानाचे फोटो आधी तिला दाखवा आणि ती नको म्हणाली तर कारण न विचारता काढा. कमेंटमध्ये घाण शब्द आले की ते आपोआप लपवण्याची सोय फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीवर आहे. आपल्याकडच्या सगळ्याच मराठी शिव्या त्या सोयीला ओळखता येतील असं नाही, त्यांची यादी तुम्हालाच भरावी लागेल. भरा. एका वाईट कमेंटमुळे एक मुलगी मैदान सोडते, आणि तिच्याबरोबर तिच्या दोन मैत्रिणी.

मुलींसाठी आणखी एक करा. तुमच्या त्या चार जणींना आणि त्यांच्या आयांना विचारा, की तुम्ही का येता? उत्तरं मोबाइलवर टिपा, जशी बोलतील तशी. एखादी आई म्हणेल, ‘आमची आता उशिरापर्यंत लोळत नाही.’ असं वाक्य गावातल्या दुसऱ्या आईला जितकं पटतं तितकं कुठलंही घोषवाक्य पटत नाही. आणि त्यांना सारिका काळेची गोष्ट सांगा. आताच्या धाराशिवची ही मुलगी बेताच्या परिस्थितीतून खो-खोत आली. २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्ण जिंकलं आणि २०२०चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, हेही पालकांना नीट समजावून सांगा. फक्त आश्वासन देऊ नका. कोणत्या पातळीवरच्या कोणत्या स्पर्धेला ते लागू होतात, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून चालू नियम घेऊन मगच लिहा. अर्धवट माहितीनं भुललेला पालक पुन्हा मंडळावर विश्वास ठेवत नाही.

वेबसाइट कशाला लागेल ते आता सांगते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत (सीएसआर) ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण बसतं, कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत तसं स्पष्ट आहे. पण तो पैसा मागायला गेलात की मंडळाची नोंदणी, आयकर सवलतीच्या १२ए आणि ८०जी या नोंदण्या, हा निधी घेणाऱ्या संस्थांना मिळणारा सीएसआर-१चा क्रमांक, ताळेबंद, सगळं विचारतात. तेव्हा एका पानाची साधी वेबसाइट उपयोगी पडते. मंडळाचा इतिहास दहा ओळींत, नोंदणी क्रमांक, पदाधिकारी, मागच्या तीन वर्षांचे हिशेब, खेळाडूंची कामगिरी. गूगल साइट्सवर ती फुकट होते. स्वतःचं नाव हवं असेल तर वर्षाला साधारण हजाराच्या आसपास खर्च येतो, आणि ते नाव मंडळाच्या ईमेलवरच नोंदवा. साठ हजारवाल्या मुलालाच विचारा, हे एवढं किती घेऊन करून देशील? कदाचित तो मंडळासाठी फुकटही करेल. देणगीचा क्यूआर कोड टाकाल तो मंडळाच्या बँक खात्याचाच हवा. खजिनदार कितीही सज्जन असले तरी त्यांच्या वैयक्तिक नंबरावर पैसे घेऊ नका.

राहिला ज्येष्ठांचा प्रश्न. त्यांचं म्हणणं झटकून टाकू नका, त्यांनी मंडळ उभं केलंय. पण त्यांना आठवण करून द्या, की देशी खेळ आपल्याकडे दाखवूनच वाढले. गणपतीच्या मिरवणुकीत मल्लखांबाचा गाडा निघायचा, जत्रेत प्रात्यक्षिकं व्हायची. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी पार बर्लिनला गेला आणि तिथे देशी खेळ दाखवून आला. पेठेत पत्रकं वाटणं आणि भिंतीवर चुन्यानं लिहिणं हे या ज्येष्ठांनीच केलंय. तेच काम आता फोनवर करायचं आहे. त्यांची भीती खरी आहे ती अशी, की पोरं सराव सोडून चित्रणातच रमतील. त्यावर नियम करा. सराव चालू असताना फोन एकाच्याच हातात, आठवड्यातून एकच दिवस, बाकी सगळ्यांचे फोन पिशवीत. हा नियम त्यांनाच सुचवू द्या, आणि पाळला जातो का ते बघायची जबाबदारीही त्यांच्याकडेच द्या.

तुमचं उन्हाळी शिबिर एप्रिलच्या शेवटी सुरू होत असेल, तर मार्चच्या मध्यापासून बोलायला लागा. परीक्षा संपायच्या आत आयांनी सुट्टीचं ठरवलेलं असतं. शिबिराचं पत्रक शाळांत वाटा, त्याचाच मजकूर चॅनेलवर टाका आणि गूगलच्या नोंदीवरही चढवा. वर मी आईचे प्रश्न लिहिलेत, त्या सगळ्यांची उत्तरं त्यात आलीत का ते एकेक करून ताडून बघा. स्वच्छतागृहाच्या प्रश्नाला आज तुमच्याकडे उत्तर नसेल तर पत्रकाआधी नगरपालिकेत जा, आणि त्या चौघींच्या आयांना बरोबर न्या. मजकूर तयार झाला की छपाईला देण्याआधी मला पाठवा, मी वाचून देते.